दरडीवरची बारा ठिकाणं

दरड कोसळली तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गावात ही वेळ नेमकी ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे शिवणकाम करणारी टाचणी.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती इतकी काटकुळी आणि बोलायला इतकी टोकदार होती, की थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे दोघींनी मिळून बाजाररस्त्यावर शिवणाचं दुकान थाटलं. दोन मशीन, एक कापायचं टेबल, मागच्या भिंतीला एक खिडकी आणि खिडकीत अख्खा डोंगर. डोंगराच्या अंगावर पाच-सहा घरं होती आणि त्यांच्याही वर नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह. त्या मुलींचे गणवेश ताई आणि टाचणीच शिवत. तयार कपडे वर पोचवायची दोघींची पाळी ठरलेली होती. एका खेपेला ही, एका खेपेला ती.

त्या गुरुवारी पाळी टाचणीची होती. चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती, पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, आणि सहा गणवेशांचं गाठोडं काखेत मारून दोनशे पायऱ्या चढायच्या तिच्या जिवावर आलं होतं. माझी काजं राहिली आहेत, तूच जा, असं तिने मान वर न करता सांगितलं. काज एकच राहिलं होतं आणि तेही उद्या द्यायच्या सदऱ्याचं. ताईच्या ते ध्यानात आलं असणार. तिने छत्री घेतली आणि निघाली. रेडिओवर अकराच्या बातम्या झाल्या, हवामानाचा अंदाज सुरू झाला, आकाश ढगाळ राहील असं निवेदक म्हणाला, आणि पायाखालची फरशी थरथरली. आवाज नंतर आला.

अकरा माणसं गेली. ताई त्यातली एक.

डोंगराची ती बाजू वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. झाडं, घरं, पायऱ्या, माती, सगळं खाली आलं आणि मागे राहिला नुसता दगड. डावीकडे तांबूस, पापुद्र्यापापुद्र्यांचा, नखाने खरवडला तरी भुकटी पडेल असा. उजवीकडे काळा, टणक, पावसाने धुऊन काढलेला. टाचणीने मागच्या खिडकीवर जाड कापड ठोकून टाकलं आणि दिवसाढवळ्या दिवा लावून काम करू लागली. गिऱ्हाइकांनी कधी त्याबद्दल विचारलं नाही.

दोन वर्षांनी एक अनोळखी गृहस्थ दुकानात आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, बुटांना चिखल. त्याच्या कोटाचा खिसा तळाशी उसवला होता. खिशात काय ठेवता, असं टाचणीने विचारलं तर त्याने मूठभर दगड काढून टेबलावर ठेवले. तो मातीचा अभ्यास करत असे. दगडाची माती कशी होते, किती दिवसांनी होते, हे पाहत गावोगाव फिरायचं हेच त्याचं काम. गावाने त्याचं नाव लगेच ‘मातीवाले’ ठेवलं; काहींना तो सोनं शोधायला आला आहे असं वाटे, आणि एकाने त्याला चिमूटभर ओली माती जिभेवर ठेवताना पाहिलं तेव्हापासून तर सगळे त्याची टर उडवू लागले.

खिसा शिवून होईपर्यंत मातीवाले स्टुलावर बसले आणि ही दरड नक्की केव्हा कोसळली, असं विचारू लागले. कचेरीत एक तारीख सांगतात, चहावाला दुसरीच सांगतो. टाचणीने तारीख सांगितली, वार सांगितला, तास आणि मिनिटंही सांगितली. मातीवाल्यांचा चेहरा उजळला. इतकी नेमकी सुरुवात माहीत असलेला उतार आजवर आपल्याला कुठे मिळाला नव्हता, असं ते अगदी आनंदाने म्हणाले.

टाचणीने दोरा तोडला, कोट त्यांच्या हातात दिला आणि दुकान बंद करायची वेळ झाली आहे असं सांगितलं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

समोर घड्याळं दुरुस्त करणारे काका बसत. त्यांनी मातीवाल्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होते. सांत्वनाचं काही बोलले नाहीत. म्हणाले, “मला माहीत नव्हतं. मी वर काय मोजणार आहे ते तुम्ही एकदा बघा. तुम्हाला नको वाटलं तर मी दुसरा उतार शोधेन.”

ती का गेली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन वर्षं त्या दिशेला तिने पाऊल टाकलं नव्हतं. पण नको वाटलं तर निघून जाईन, असं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. बाकी सगळे तिला समजावत होते.

त्या दिवशी मातीवाल्यांनी बारा ठिकाणं ठरवली. प्रत्येक ठिकाणी दगडात पितळी खिळा ठोकला, शेजारी रंगाने आकडा घातला. एक ते सहा तांबूस दगडावर, सात ते बारा काळ्यावर. काही चढावर, काही कपारीत, काही खळग्यात, काही दिवसभर उन्हात, काही कायम सावलीत. मोजण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं. काळ्या दगडावर फिकट राखाडी डाग तेवढे उठले होते. ते दगडफूल, असं मातीवाल्यांनी सांगितलं. हा इवलासा जीव दगडाला चिकटतो, त्यातून आंबट रस पाझरतो, आणि दगडाचा कण कण सुटा होतो.

टाचणीने विचारलं, इथे पुन्हा माती केव्हा होईल?

“आधीसारखी? तुमच्या-माझ्या हयातीत नाही. तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही दिसेल की नाही, शंका आहे. कुठे कुठे थोडी होईल, तेवढी मोजायची.”

तिला बरं वाटलं. सगळं ठीक होईल असं दोन वर्षं ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. ठीक होणार नाही, पण मोजता येईल, हे कुणी म्हटलंच नव्हतं.

मग दरवर्षी पाऊस थांबला की एक आठवडा मातीवाले येत. दोघं वर चढत. एक बारीक पोलादी सळई खिळ्याशेजारी अलगद टोचायची, दगडाला टेकली की अंगठ्याने खूण धरायची आणि माप वहीत लिहायचं. मातीवाल्यांचा हात जड. सळई दगडातच घुसवतील की काय असं वाटे. मोजणीच्या तिसऱ्या वर्षी टाचणीने त्यांच्या हातातून ती काढून घेतली. अस्तराचा पदर आणि वरच्या कापडाचा पदर बोटांनी वेगळा ओळखणाऱ्या बाईला माती कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो हे कळायला वेळ लागला नाही. मातीवाले वही धरून बसत आणि ती आकडे सांगे. पाचव्या वर्षी सांगायला आकडे होते. दोन मिलिमीटर. तीन. बऱ्याच ठिकाणी शून्य. खिडकीवरचं कापड कोणत्या वर्षी निघालं हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नवव्या वर्षी तिला राहवलं नाही. बाराही ठिकाणं एकाच दिवशी, एकाच मिनिटाला उघडी पडली होती. मग चार नंबरच्या खळग्यात बोटाचं पेर बुडेल इतकी माती आणि नऊ नंबरला नुसता डाग, असं का? मातीवाल्यांनी उत्तर दिलं नाही. तुम्हीच विचार करा, पुढच्या वर्षी सांगा, म्हणाले. तिला राग आला. पण वर्षभर मशीन चालवताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं, आणि शेवटी तिने ते घड्याळवाल्या काकांना समजावून सांगितलं, कारण ऐकायला तेच समोर होते.

तिचं म्हणणं असं होतं की सगळं नुसत्या दिवसांवर नसतं. एकाच दिवशी कापलेले दोन सदरे सारखे झिजतात का? नाही. कापड कोणतं, हे पहिलं. तांबूस दगड ढिल्या विणीचा, पाणी आत शिरतं, पापुद्रे सुटतात. काळा दगड घट्ट विणीचा, पाणी वरून ओघळून जातं. मग ऊन-पाऊस. सावलीतल्या ठिकाणी ओल टिकते, शेवाळ धरतं. उन्हातलं ठिकाण तापतं, निवतं, आणि कोरडंच राहतं. मग चढ. सरळ चढावर जे काही तयार होतं ते पुढच्याच सरीत खाली जातं आणि खळग्यात येऊन बसतं. म्हणजे तीन नंबरची मिळकत चार नंबरकडे जाते. आणि एवढं सगळं जुळून आलं तरी कुणीतरी राहायला यावं लागतं. आधी दगडफूल, मग शेवाळ, मग मुंगी, मग वाऱ्यावर आलेलं गवताचं बी. मेलेलं गवत तिथेच कुजतं, म्हणून वरचा थर काळा होतो.

काकांनी भिंगातून मान वर केली आणि म्हणाले, माझ्या दुकानातली घड्याळंही एकाच कारखान्यातली आहेत, पण दोन सारखी चालत नाहीत. पुढच्या वर्षी मातीवाल्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि वहीत तिच्या नावाने ते टिपून ठेवलं.

विसाव्या वर्षी एक पत्रकार आला. निसर्ग स्वतःच्या जखमा कशा भरतो, यावर त्याला लिहायचं होतं, आणि टाचणीच्या तोंडून तसं काहीतरी त्याला हवं होतं. ती म्हणाली, मी शिवणकाम करते, आणि ती जखम नाही, दगड आहे. त्याने ते छापलं नाही.

आता भाऊजींबद्दल सांगायला हवं. ताईचा नवरा सुतार. उंच, शिडशिडीत, नाकासमोर चालणारा माणूस. दरडीनंतर चार वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या लग्नाचे कपडे टाचणीनेच शिवले. त्यांची दुसरी बायको मनाने चांगली; टाचणी तिला वहिनी म्हणे. भाऊजींचं टाचणीकडे जाणं-येणं कधी तुटलं नाही. तिच्या दुकानाची फळी मोडली की ते यायचे, त्यांची विजार फाटली की हिच्याकडे यायची. दोघं हवापाण्याचं बोलत, लाकडाच्या भावाचं बोलत, फक्त त्या गुरुवारचं बोलत नसत. पंचवीस वर्षं तो विषय दोघांच्या मध्ये, दोघांनाही दिसत असून, तसाच राहिला.

दरडीच्या पंचविसाव्या वर्षी गावाने ठरवलं की गेलेल्यांच्या आठवणीसाठी त्या उघड्या दगडावर बाग करायची. उजवीकडचा अर्धा भाग घ्यायचा, टप्पे पाडायचे, नदीकाठची काळी माती ट्रकने आणून पसरायची आणि अकरा झाडं लावायची. समितीचे प्रमुख भाऊजी. ही बातमी सांगायला ते स्वतः आले. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बराच वेळ बोलले, आणि इतकं सलग बोलताना टाचणीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तिने ऐकून घेतलं आणि जे माहीत होतं ते सांगितलं. तो दगड काळा, गुळगुळीत, चढ उभा. माती आणून ठेवाल, पण तिला खाली धरायला काही नाही. खडकाची आपसूक झालेली माती खडकात पाय रोवून असते. ही नुसती ठेवलेली असेल. एक मोठा पाऊस आला की खाली येईल.

भाऊजींचा चेहरा उतरला. “तुला ताईपेक्षा त्या दगडाचीच काळजी जास्त झाली आहे, टाचणी.”

हे तिच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळी तिने मातीवाल्यांना फोन लावला. ते आता थकले होते, दोन वर्षांपासून त्यांच्याऐवजी त्यांची एक विद्यार्थिनी मोजणीला येत होती. सात ते बारा नंबर मातीखाली जातील, असं तिने सांगितलं. ते म्हणाले, डोंगर गावाचा आहे, आपला नाही. जाऊ देत.

तरी तिने भाऊजींकडे एवढंच मागितलं की एक ते सहा नंबरच्या बाजूला कुणी फावडं लावू नये. दोन दिवसांनी तांबूस दगडाच्या कडेने लाकडी खुंट्यांचं नीटस कुंपण उभं राहिलं. प्रत्येक खुंटीचं टोक घासून गोल केलेलं होतं. असं काम गावात एकाच माणसाचं.

बाग झाली. खरं सांगायचं तर सुरेख दिसली. टाचणीही उद्घाटनाला गेली, आणि ताईच्या झाडाला तिने पाणी घातलं.

पुढल्या वर्षी पाऊस सलग तीन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी, कच्चा टाका न घालता ठेवलेलं अस्तर टेबलावरून सटकावं, तशी ती सगळी माती एका दमात सटकली. आवाजही फारसा झाला नाही. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण चिखल बाजाररस्त्यावर आला, दुकानांत शिरला, टाचणीच्या मशीनच्या पायडलपर्यंत चढला. माणसांची तर पाचावर धारण बसली. ज्यांनी पहिली दरड पाहिली होती ते घरात जाईनात. भर पावसात रस्त्याच्या मधोमध डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. अकरापैकी आठ झाडं गेली. पायथ्याच्या सपाटीवर लावलेली तीन तेवढी उभी होती.

भाऊजी तीन दिवस फावडं घेऊन चिखल उपसत राहिले. चौथ्या दिवशी ते टाचणीच्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले. कपडे कोपरापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

“माती खाल्ली मी,” ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी हाताकडे पाहिलं. दोघांनाही हसू आलं नाही, पण येता येता राहिलं.

टाचणीने कात्री ठेवली, पायात बूट घातले आणि आपल्याबरोबर वर यायला सांगितलं. भाऊजी कुंपणापर्यंत अनेकदा आले होते, आत कधी गेले नव्हते. ती त्यांना चार नंबरच्या खळग्याशी घेऊन गेली. परातीएवढा खळगा, तांबूस दगडात, वरून कपारीची सावली. त्यात गुडघ्याएवढं गवत आणि एक कसलंतरी झुडूप. इतक्या पावसात इथली चिमूटही हलली नव्हती.

ती उकिडवी बसली आणि कडेची माती बोटांनी हलकेच बाजूला करून तिने आतले थर दाखवले. वर काळपट, मऊ, मुळांच्या केसांनी गुंफलेला. त्याखाली तपकिरी. त्याखाली तांबूस चुरा, आणि मग दगड. पण दगड नेमका कुठे सुरू होतो हे डोळ्यांनी सांगता येत नव्हतं, इतका एक थर दुसऱ्यात मुरत गेला होता. भाऊजींनी लाकडाचे सांधे आयुष्यभर जुळवले होते. त्यांनी त्या थरावरून बोट फिरवलं.

“किती आहे ही?”

“गेल्या मोजणीला सत्तेचाळीस मिलिमीटर. त्याआधीच्या साली शेहेचाळीस होती.”

“ती गेल्यापासूनची?”

“हो. पण यातली बरीच वरच्या चढावरून आलेली. इथली स्वतःची याहून कमी.”

अशा वेळीसुद्धा ती माप फुगवून सांगणार नव्हती. भाऊजी दगडावर बसले. दोघांच्या खाली गाव होतं, चिखलाने माखलेला रस्ता होता, आणि लोक दुकानांतून बादल्या रिकाम्या करत होते. यात काही घाई करता येत नाही का, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की खालच्या सपाटीवर येते, इथे नाही. टाचणीला वाटलं की आत्ता नाही सांगितलं तर आपण हे कधीच सांगणार नाही.

“भाऊजी, त्या दिवशी कपडे पोचवायची पाळी माझी होती.”

त्यांनी मान वळवली नाही.

“मी तिला पाठवलं. काजं राहिलीत म्हणून सांगितलं. राहिली नव्हती.”

“पाऊस होता म्हणून?”

“नाही. कंटाळा आला म्हणून.”

भाऊजी उठले, कुंपणाचं दार उघडून खाली निघून गेले. दार त्यांनी मागे लावून घेतलं, पण तिच्यासाठी थांबले नाहीत. ती एकटीच उतरली. सव्वीस वर्षं छातीवर धरलेलं ओझं उतरलं की माणसाला हलकं वाटतं, असं ऐकलं होतं. तिला काही तसं वाटलं नाही. फक्त थकवा आला, आणि ती त्या दिवशी दुपारीच झोपली.

महिना गेला. भाऊजी फिरकले नाहीत. मग एक दिवस वहिनी आली आणि तिने भाऊजींच्या दोन विजारी टेबलावर ठेवल्या. कंबर दोन-दोन इंच आत घ्यायची होती. हल्ली ते धड जेवत नाहीत, विचारलं तर डोंगराकडे बघतात, असं वहिनीने सांगितलं, आणि टाचणी काही सांगते का याची वाट पाहत क्षणभर थांबली. टाचणीने ते त्यांनीच सांगायला हवं, असं म्हटलं. विजारी तिने त्याच दिवशी करून दिल्या. आतलं जादा कापड कापून टाकलं नाही, दुमडून ठेवलं, म्हणजे पुढे अंग धरलं तर सोडता येईल.

पाऊस थांबला आणि मोजणीचा आठवडा आला. मातीवाल्यांची विद्यार्थिनी सकाळच्या गाडीने आली. ही तिशीची हुशार मुलगी टाचणीला मावशी म्हणे आणि चढताना एकसारखी बोलत असे. तिनेच सांगितलं की मातीवाले आता अंथरुणाला खिळले आहेत, पण आकडे रोज संध्याकाळी फोनवर कळवायचे असा त्यांचा हुकूम आहे. दोघी पायथ्याशी पोचल्या तर तिथे भाऊजी उभे होते. काखेत पाणसळ, सुतार ज्याने लाकूड सरळ आहे की नाही बघतात ती, आणि खांद्यावर फावडं.

विद्यार्थिनीने नमस्कार केला. भाऊजींनी तिची जड पिशवी उचलली आणि तिला पुढे जाऊ दिलं. मग टाचणीच्या बरोबरीने चढू लागले. दहा-बारा पायऱ्यांएवढं चढल्यावर बोलले.

“मला राग आला तुझा. महिनाभर होता. अजून आहे थोडा.”

“असू दे,” टाचणी म्हणाली.

“पण तू इतकी वर्षं इथे एकटी चढत होतीस, हे मला बरोबर वाटत नाही.”

ती म्हणाली की एकटी नव्हते, मातीवाले असायचे. ते म्हणाले, तो बाहेरचा माणूस. वर चढ असल्यामुळे दोघांनाही न बोलायला निमित्त मिळालं.

त्या दिवशी एक ते सहा नंबर मोजून झाले. तांबूस बाजूचे आकडे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने पुढे सरकले होते, आणि तीन नंबर एकाने मागे गेला होता. दुपारी ते काळ्या बाजूला गेले. नदीकाठच्या मातीचे पट्टे अजून कपारींत अडकलेले होते, बाकी दगड पुन्हा उघडा. भाऊजींनी फावड्याने आणि नंतर हातांनी चिखल बाजूला करत सहापैकी पाच पितळी खिळे शोधून काढले. नऊ नंबर काही सापडला नाही. दगडफूल जिथे होतं तिथे मातीखाली गुदमरून गेलं होतं; दगड पुसल्यासारखा काळा. विद्यार्थिनी म्हणाली, या सहा ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि हे तिने इतक्या सहज म्हटलं की टाचणीने चटकन भाऊजींकडे पाहिलं. ते पाणसळ दगडावर ठेवून चढ किती आहे ते बघत होते. त्यांनी मुलीला चढाचा आकडा सांगितला. इथे माती थांबणारच नव्हती, असंही म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं.

मग त्यांनी एकेका ठिकाणाची चौकशी सुरू केली. पाच नंबरला शेवाळ आहे आणि सहाला का नाही. गांडूळ इतक्या उंचावर कुठून आलं. मुंग्या खालची माती वर आणतात तर ती मोजायची की नाही. विद्यार्थिनीला उत्तरं येत होती, पण ती मध्येच थांबून मावशीकडे बघे, आणि मग टाचणी सांगे.

बागेचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पायथ्याच्या सपाटीवर जी तीन झाडं उभी होती, त्यांच्या शेजारी समितीने आणखी आठ लावली. तिथे चढ नाही, आणि वरून वाहून आलेली माती हातभर खोल साचली आहे. झाडं तिथे जोमाने वाढताहेत. अकरा नावांची पाटीही तिथेच आहे. भाऊजींनी झाडांखाली बसायला एक बाक केला. सांधे असे की पाणी शिरायचं नाही, कडा गोल, पाठ टेकायला नेमका कल. पण माप त्यांनी स्वतःच्या उंचीचं धरलं. त्यामुळे टाचणी त्यावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि मापाची एवढी चूक सुताराकडून कशी झाली, हे ती त्यांना येता-जाता ऐकवते. कापून देतो म्हणतात, अजून दिलेला नाही.